फोटोंचे फडताळ

दिवाळीची साफसफाई हे आमच्या घरावर दरवर्षी येणारे ठरलेले संकट आहे. यंदा माळ्यावरचे डबे उतरले, पितळी भांडी चिंचेने घासून झाली आणि अखेर आमच्या सौ.ची नजर माझ्या टेबलाच्या खणावर गेली. त्या खणातून निघालेला ऐवज येणेप्रमाणे: मेलेले मोबाईल तीन, पेनड्राइव्ह पाच (पैकी झाकणे दोघांनाच), सीड्यांची एक चळत आणि एक हार्डडिस्क. ही हार्डडिस्क कानाशी धरली की घड्याळासारखी टकटक करते, पण काही दाखवीत मात्र नाही.

"हे टाकून देऊ?" सौ.ने विचारले.

"छे, छे! यात आपले फोटो आहेत!"

"असतील. पण दिसतात का?"

संसारात काही प्रश्नांना उत्तर नसते. हा त्यांपैकीच एक.

वाचकहो, आमच्या घराण्याला फोटो हरवण्याचा इतिहास आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले तेव्हा आमचे बिऱ्हाड नारायण पेठेत, दोन खणांच्या जागेत होते. मी सहा वर्षांचा. माणसे वाचली, परंतु आईची ट्रंक गेली आणि तिच्यातला फोटोंचा एकुलता एक अल्बमही गेला. भांडीकुंडी पुन्हा घेता आली. अल्बम कोणत्या दुकानात मिळणार?

दुसरा घाव गेल्या वर्षीचा. आमचे दादा वारले. त्यांच्या शेवटच्या दिवाळीचे सारे फोटो पुतण्याच्या मोबाईलमध्ये होते आणि तो मोबाईल लोकलच्या गर्दीत चोरीस गेला. व्हॉट्सॲपवर आलेला एक फोटो तेवढा उरला. पण व्हॉट्सॲपवर फोटो पाठवताना तो आकसून येतो. भिंतीवर लावण्यासाठी मोठा करून आणला, तर दादांचे डोळे धुक्यात विरघळल्यासारखे दिसू लागले. त्या दिवशी मी मनाशी ठरवले की आता या गोष्टीचा बंदोबस्त करायचाच.

पहिला सल्ला मिळाला तो अर्थातच 'क्लाऊड'चा. तो वाईट नाही. पण ती भाड्याची जागा आहे. गूगलने फोटो अमर्याद आणि फुकट ठेवण्याची सोय १ जून २०२१ पासून बंद केली. आता फुकट मिळते ती १५ जीबी जागा, आणि तीत आपल्या ईमेलचेही बिऱ्हाड असते. पुढे भाडे भरावे लागते, आणि भाडे थकले तर काय होते हे मध्यमवर्गीयाला सांगायला नको.

म्हणून मी मालकीच्या जागेचा शोध सुरू केला. तिला नॅस म्हणतात. मला समजले तेवढे सांगतो: ही हार्डडिस्क ठेवण्याची एक छोटी पेटी असते. ती वायरने घरातल्या राऊटरला जोडायची. मग घरातल्या प्रत्येकाच्या मोबाईलमधले फोटो, तो घरी आला की, वायफायवरून आपोआप तिच्यात जाऊन पडतात. या 'आपोआप' शब्दालाच सारी किंमत आहे. साधी बाहेरून जोडायची हार्डडिस्क याहून कितीतरी स्वस्त पडते. पण ती दर रविवारी आठवणीने जोडणारा पुरुष माझ्या पाहण्यात नाही. ज्यांचे बजेट अगदी बेताचे आहे त्यांनी आपल्या राऊटरच्या पाठीमागे यूएसबीचे भोक आहे का ते पाहावे. कित्येक राऊटरना तेथेच हार्डडिस्क जोडता येते. वेग कमी, सोयी थोड्या, पण काम भागते. घरात हरहुन्नरी मुलगा असेल तर जुन्या संगणकावर 'ओपनमीडियाव्हॉल्ट' ही फुकट प्रणाली चढवूनही नॅस करता येते. मात्र जुना संगणक वीज अधिक खातो आणि मुलगा परगावी गेला की दुरुस्तीला कोणी राहत नाही.

आता पेटी एकखणी घ्यावी की दोनखणी? दोन खणांच्या पेटीत दोन हार्डडिस्क बसतात आणि दोहोंवर तोच मजकूर लिहिला जातो. एक बंद पडली तरी दुसरी शाबूत असते. लक्षात ठेवा, ४ टीबीच्या दोन डिस्क अशा जोडल्या की जागा ४ टीबीच मिळते, ८ नव्हे. दुकानात आणखी एक फसगत होते. पेटीची किंमत पाहून आपण खूश होतो आणि बिलाच्या वेळी कळते की डिस्क तीत धरलेल्याच नाहीत! दोन डिस्क मिळून पेटीच्या किमतीला सहज भिडतात. तेव्हा हिशेब आधी दोन्हींचा मांडावा.

जागा किती हवी? मोबाईलचा एक फोटो सरासरी ४ एमबीचा धरला तर १ टीबीमध्ये अडीच लाख फोटो मावतात. खरे खादाड व्हिडिओ. चांगल्या प्रतीच्या एका मिनिटाला शंभर-दीडशे एमबी सहज लागतात. आज घरात जेवढे आहे त्याच्या तिप्पट जागा घ्यावी, म्हणजे नातवंडांची मुंज-लग्नेही मावतील.

डिस्क घेताना 'सीएमआर' आहे ना, हे मात्र विचारून घ्या. 'एसएमआर' जातीच्या डिस्कवर माहितीच्या रेघा कौलांसारख्या एकीवर एक चढवलेल्या असतात. एक कौल बदलायचे तर शेजारची उचकटावी लागतात, तसे तिचे काम रेंगाळते. २०२० साली नॅससाठी म्हणून विकल्या गेलेल्या काही डिस्कही याच जातीच्या निघाल्याने बरीच ओरड झाली होती.

विजेची चिंता नको. छोटी पेटी सरासरी पंधरा वॅट घेते असे धरले तर महिन्याला साधारण अकरा युनिटे होतात. लहानसा यूपीएस मात्र जोडावा. लिहिता लिहिता वीज गेलेली डिस्कला सोसत नाही. आणि ही पेटी घराबाहेरून इंटरनेटवर सताड उघडी ठेवू नये. २०२२ साली 'डेडबोल्ट' नावाच्या खंडणीखोर व्हायरसने जगभरातल्या अशा हजारो पेट्यांना कुलपे ठोकून किल्लीसाठी पैसे मागितले. पासवर्ड बदला, नवी सुधारणा आली की चढवून घ्या, आणि दार लावून घ्या.

एवढे सगळे केले आणि मी निर्धास्त झालो. दोनच महिन्यांत आमच्या चिरंजीव नातवाने 'जागा रिकामी करतो, आजोबा' म्हणून २०१९ च्या दिवाळीचा सबंध फोल्डर पुसून टाकला. मी ऐटीत म्हटले, "काळजी नाही, दुसऱ्या डिस्कवर आहे." पाहतो तो तिच्यावरूनही गेलेला! दोन डिस्क म्हणजे आरसा. डिस्क बिघडली तर आरसा वाचवतो. पण आपणच पुसले तर तोही इमानाने पुसतो.

पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन छायाचित्रकाराने यावर एक नियम रूढ केला आहे: प्रती तीन, साधने दोन प्रकारची, आणि एक प्रत घराबाहेर. हे वाचले तेव्हा मला हसू आले. कारण पानशेतच्या पुरात सगळे फोटो गेले असे मी वर लिहिले ते पुरते खरे नाही. आजी-आजोबांचा एक फोटो आजही आमच्या भिंतीवर आहे. आईने त्याची एक प्रत साताऱ्याला मावशीकडे पाठवली होती. पूर ओसरल्यावर मावशी ती पदराखाली धरून घेऊन आली. आईने कोणताही नियम वाचला नव्हता.

नातवाने पुसलेला फोल्डर मिळाला तोही असाच. गणपतीत मी सारे फोटो एका साध्या हार्डडिस्कवर उतरवून ठाण्याला ताईकडे ठेवले होते. आता अशा दोन डिस्क केल्या आहेत. भाऊबीजेला ताजी घेऊन जायची, ओवाळून घ्यायचे आणि जुनी परत आणायची.

ताई म्हणते, "ओवाळणी म्हणून हे लोखंड आणतोस होय रे?"

मी म्हणतो, "दादा आहे त्यात."

मग ती डिस्क ताई देवघराच्या खालच्या कप्प्यात, रेशमी रुमालात गुंडाळून ठेवते.

ही दिवाळी आपणां सर्वांना सुखाची जावो. आणि तिचे फोटो तीन ठिकाणी राहोत.