तुमची वही कुठे आहे?

तुमच्यापैकी किती जण लेक्चर सांभाळून काहीतरी विकताय? कुणी टेराकोटाचे कानातले, कुणी ब्राउनी, कुणी हाताने रंगवलेले टी-शर्ट. फोटो टाकला, 'डीएम करा' लिहिलं की दुकान सुरू. ना भाडं, ना डिपॉझिट. भारीच आहे हे, त्याला नावं ठेवायची नाहीयेत.

पण एक सांगा, तुमची वही कुठे आहे?

लक्ष्मीपूजनाला व्यापारी वहीची पूजा करतात. गिऱ्हाईक कोण, काय घेतं, किती भावाला घेतं, सगळं तिच्यात. शेजारच्या दुकानदाराला ती कुणी दाखवत नाही. आपण मात्र ती पहिल्या दिवसापासून कुठल्यातरी बड्या कंपनीच्या सर्व्हरवर लिहितो. आणि ज्याचा बाजार, त्याचंच त्या बाजारात दुकानही असेल तर?

ही हवेतली शंका नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये युरोपीय आयोगाने अ‍ॅमेझॉनवर नेमका हाच आक्षेप घेतला. साइटवरच्या इतर विक्रेत्यांना किती ऑर्डर आल्या, किती कमाई झाली, हा बाहेर न दिसणारा डेटा कंपनी स्वतःचा धंदा आखायला वापरते, असं आयोगाचं म्हणणं. कंपनीला ते मान्य नव्हतं. तरी हा डेटा आपल्या किरकोळ विक्रीसाठी वापरणार नाही, अशी हमी तिने दिली आणि डिसेंबर २०२२ मध्ये प्रकरण मिटलं. दंड नाही. हमी मात्र युरोपातल्या विक्रेत्यांना, तुम्हा-आम्हाला नाही.

आपल्याकडचं काय? ऑक्टोबर २०२१ मध्ये रॉयटर्सने कंपनीच्या अंतर्गत कागदपत्रांच्या आधारे बातमी दिली. भारतातल्या साइटवरची माहिती वापरून दुसऱ्यांच्या खपणाऱ्या वस्तूंची नक्कल स्वतःच्या ब्रँडखाली आणली जाते, असं त्यात होतं. कंपनीने आरोप नाकारले. खरंखोटं आपण इथे बसून ठरवू शकत नाही. पण ज्याची वही आहे त्यालाच ती कोण कोण वाचतं हे कळायला मार्ग नाही, हे मला जास्त खुपतं.

'माझ्या महिन्याला वीस ऑर्डर, माझी कोण कॉपी करणार?' खरंय. पण कुठला रंग खपतो, किती किमतीला गिऱ्हाईक मागे फिरतं, हे शोधायला तुम्ही सहा महिने घालवलेत. तुमच्यासारख्या हजारोंचे असे वीस-वीस जोडले, तर जोडणाऱ्याला ते सहा महिने घालवावेच लागत नाहीत.

अ‍ॅप सोडा असं कुणी म्हणत नाही, परवडणारच नाही. विक्री तिथे करा, पण गिऱ्हाइकांची यादी आणि हिशोब स्वतःकडे ठेवा. साधी शंभर पानी वही चालेल. आणि अ‍ॅपने अख्खी फोनबुक मागितली की सवयीने 'अलाउ' दाबू नका. त्यात मावशीचाही नंबर आहे, तिला कुणी विचारलंय?

तसंच एक घरचं काम. गेल्या दिवाळीच्या ऑर्डरचे पत्ते अजून तुमच्या पाच जणांच्या ग्रुपवर पडून असतील. ते आज काढून टाका.