नसलेल्या कराची धास्ती

वारसा कर येणार आहे, तेव्हा हातीपायी धड आहोत तोवर सगळे मुलांच्या नावे करून मोकळे व्हावे, असा सल्ला आपल्या मंडळींत २०२४ च्या लोकसभा निवडणुकीपासून फिरतो आहे. त्या निवडणुकीत सॅम पित्रोदा यांनी अमेरिकेतील वारसा कराचा दाखला दिला, पंतप्रधानांनी तो सभासभांतून गाजवला आणि काँग्रेसने आपला तसा बेत नसल्याचे सांगून हात झटकले. निवडणूक संपली, धास्ती मात्र आपल्या घरांत मुक्कामाला राहिली. म्हणून प्रथम स्पष्ट सांगतो : आजच्या घडीला भारतात वारसा कर नाही.

तो पूर्वी होता. १९५३ च्या कायद्याने मृताच्या मालमत्तेवर शुल्क बसे आणि वीस लाखांवरील भागावर त्याचा दर ८५ टक्क्यांपर्यंत चढला होता. एवढे करून सरकारच्या तिजोरीत अखेरीस वर्षाला वीसेक कोटी रुपये पडत. अर्थमंत्री विश्वनाथ प्रताप सिंह यांनी १९८५ च्या अंदाजपत्रकात तो रद्द केला. इंदिराजींची मालमत्ता वाचवण्यासाठी हे झाले, असे आपल्या शेजारी मुरैनाच्या सभेत सांगितले गेले. तारखा मात्र वेगळे बोलतात. ही माफी १६ मार्च १९८५ पासून झालेल्या मृत्यूंना होती. इंदिराजींची हत्या ३१ ऑक्टोबर १९८४ ची. कोणत्याही पक्षाचे असोत, सभेतले कायदे घरच्या कागदांना लावू नयेत.

आणखी एक गोष्ट त्या सल्लागारांना ठाऊक नसते. जुन्या कायद्यात मृत्यूपूर्वी दोन वर्षांत दिलेली बक्षिसेही मृताच्या मालमत्तेतच धरली जात. ब्रिटनमध्ये आजही दात्याने सात वर्षे जगावे लागते आणि घर मुलाला देऊन त्यातच बिनभाड्याने राहिले, तर ते करासाठी दात्याचेच समजतात. उद्या आपल्याकडे कर आलाच, तरी त्यात अशा तरतुदी असणारच. घाईने केलेले बक्षीसपत्र तेव्हा कामाला येईलच असे नाही.

मुलाबाळांना पैसे देण्यास आमचा विरोध नाही. जवळच्या नात्यात दिलेल्या रकमेवर घेणाऱ्याला आयकर नाही, रक्कम कितीही असो. मात्र नाते कायद्याच्या यादीत बसले पाहिजे, आणि ही यादी मोठी गमतीची आहे. काकाने पुतण्याला दिले तर कर माफ. पुतण्याने काकाला वर्षात पन्नास हजारांहून अधिक दिले तर ती सगळी रक्कम काकांचे उत्पन्न! पत्नीला किंवा सुनेला दिलेल्या पैशाचे व्याज देणाऱ्याच्याच उत्पन्नात मिळवले जाते. आणि दोन लाख वा अधिक रक्कम रोखीने घेऊ नये. धनादेश द्यावा, सोबत चार ओळींचे पत्र करून ठेवावे.

खरा धोका घराचा आहे. नोंदणी झालेले बक्षीसपत्र मन बदलले म्हणून मागे घेता येत नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात त्यावर उपाय आहे, पण सांभाळ करण्याची अट असेल तरच. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले. आपल्याच मध्य प्रदेशातील एका आईने २०१९ मध्ये मुलाला घर दिले, पुढे त्याने सांभाळले नाही म्हणून ती दाद मागत गेली. उच्च न्यायालयात निकाल तिच्या विरुद्ध गेला होता. २ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते बक्षीसपत्र रद्द ठरवले. मरेपर्यंत सांभाळीन असे मुलाचे वचनपत्र तिच्यापाशी होते. आपल्यातले किती जण पोटच्या मुलाकडून असे लिहून घेतील? आपल्याकडे संकोच आडवा येतो. ‘आम्ही राहू कोपऱ्यात’ म्हणणारे आईवडील पुढे खरोखरच कोपऱ्यात जातात. द्यायचेच असेल, तर सांभाळाची आणि हयातीपर्यंत राहण्याच्या हक्काची अट दस्तातच घालावी. वाडा वडिलोपार्जित असेल तर तो एकट्याने द्यायचा नसतोच. २००५ पासून मुलीही त्यात बरोबरीच्या हिस्सेदार आहेत.

पुण्यामुंबईची वृत्तपत्रे वाचून आपली आणखी एक फसगत होते. राहते घर किंवा शेती मुलांना, नातवंडांना बक्षीस देताना दोनशे रुपये मुद्रांक शुल्क, ही सवलत महाराष्ट्राची आहे आणि तिथल्याच मालमत्तेला लागते. साताऱ्याकडे घर असेल तर जरूर घ्यावी. इथल्या घराला इथला दर पडतो. इंदूर, बडोदा, बेळगाव, हैदराबाद, प्रत्येक ठिकाणी वेगळा. आधी उपनिबंधक कार्यालयात चौकशी करावी.

बहुतेकांचे काम मृत्युपत्राने भागते. त्याला साधा कागद चालतो, मुद्रांक लागत नाही, नोंदणी ऐच्छिक असते आणि हवे तितक्या वेळा बदलता येते. दोन साक्षीदार हवेत; ते लाभार्थी नसलेले बरे, आणि वयाने आपल्याहून लहान असावेत.

मते मागायला उमेदवार आपल्या मंडळात येतातच. त्यांना हारतुरे देण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत : कुटुंबातल्या राहत्या घराच्या बक्षीसपत्रावर महाराष्ट्रासारखी नाममात्र शुल्काची सवलत आपल्या राज्यात का असू नये? आणि ज्येष्ठांच्या तक्रारी ऐकणारे न्यायाधिकरण आपल्या उपविभागात महिन्यातून किती दिवस बसते?