देव नाही, मग जगावे कशासाठी?

गेल्या ज्येष्ठात आमच्या गावचा म्हातारा सुतार वारला. तो देवळात जात नसे, नवस करीत नसे, आणि दुसऱ्याच्या नवसास नावेही ठेवीत नसे. मृग तोंडावर आला, की गावातील विधवांच्या तिफणी तो आधी नीट करून देई. पैशांची गोष्ट सुगीनंतर. स्मशानात एक गृहस्थ म्हणाले, “देवावाचून गेला, जन्म फुकट गेला.”

दुसरे दिवशी एक शेतकरी बंधू शाळेच्या ओट्यावर येऊन बसले. त्यांचा मुलगा भुसावळास रेल्वेत आहे व त्याने देव सोडला आहे. ते म्हणाले, “गुरुजी, देवच नाई मानला त मानसानं जगावं कायले? दुःख आलं त पोराले आधार कोनाचा?”

हा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही. नुसते ‘देव नाही’ म्हणून थांबणे म्हणजे शेत नांगरून पडीक ठेवणे होय. त्यात काही पेरले पाहिजे.

जोतीराव फुले नास्तिक नव्हते. ते निर्मिक मानीत. परंतु निर्मिकासाठी त्यांनी देऊळ बांधले नाही. १८६८ साली त्यांनी घरचा हौद अस्पृश्य मानलेल्या बांधवांस खुला केला. सावित्रीबाईंनी १८९७ च्या प्लेगात रोग्यांची सेवा केली व त्यातच १० मार्च रोजी देह ठेवला.

निर्मिकही न मानणारास वाट दाखविणारे गृहस्थ आमच्या शेजारीच येऊन गेले. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपुरास काँग्रेस भरली, खेड्यात भरलेली ती पहिलीच. तिला मानवेंद्रनाथ रॉय नुकतेच तुरुंगातून सुटून आले होते. पुढे १९४६ साली त्यांनी नवमानवतावादाची बावीस सूत्रे मांडली. सार असे, की माणसास स्वातंत्र्याची व सत्याची ओढ आहे. तो विचार करू शकतो, म्हणूनच नीतीने वागू शकतो. त्यास नरकाचे भय नको, की स्वर्गाचे आमिष नको. हा विचार मराठीत आणणारे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी तर आमच्याच खानदेशातील पिंपळनेरचे. शास्त्रे पढलेला पंडित अखेर माणसापाशी आला!

आणि साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर? देव न मानणाऱ्या या गृहस्थांनी दारूत बुडालेल्यांसाठी व्यसनमुक्तीचे केंद्र उभे केले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. त्यांचा जन्म फुकट गेला काय?

आता दुःखाविषयी. मी खोटे बोलणार नाही. गेलेले माणूस पुन्हा भेटेल, असे मानवतावाद सांगत नाही. तो एवढेच सांगतो, की वर कोणी पाहणारा नसेल, तर एकमेकांस पाहण्याचे काम आपलेच आहे. रात्रभर उशाशी बसणारा शेजारी, पेरणी अडली असता बैलजोडी देणारा भाऊबंद, हाच आधार. आस्तिकाच्या घरीही दुःखात अखेर हीच माणसे धावून येतात, नाही काय?

परंतु आमच्याही लोकांस दोन शब्द ऐकविले पाहिजेत. काही सुधारक चावडीवर देवाची टवाळी करतात आणि शेजारी मयत झाली की दार लावून बसतात. असल्या नास्तिकापेक्षा भुकेल्यास भाकर देणारा वारकरी शतपट बरा.

म्हणून त्या बंधूंस मी म्हणालो, “दादा, पोर देवळात जाते की नाही हे पाहू नका. ते मयतीस खांदा देते काय, बहिणीस शिकविते काय, जात न विचारता पाणी देते काय, गंधमुक्तीच्या जेवणासाठी कर्ज काढणाऱ्यास आवरून त्याच्या मुलांची पुस्तके घेऊन देते काय, हे पाहा. तसे असेल, तर काळजी सोडा. तुमचे पोर आधारावाचून नाही. उलट तेच चार घरांचा आधार झाले आहे.”

आमच्या सुताराने याहून निराळे काय केले होते?