सही एका दिवसाची, जोखीम अनेक वर्षांची

इंदूर म्हटले की मराठी वाचकाला होळकरांचा राजवाडा आठवतो. भारतीय वैद्यकविश्वात मात्र या शहराचे नाव आणखी एका कारणाने नोंदले गेले आहे. तेथील महाराजा यशवंतराव रुग्णालयात रुग्णांना पुरेशी कल्पना न देता औषधांच्या चाचण्या घेतल्याचे आरोप झाले. पुढे इंदूरच्याच ‘स्वास्थ्य अधिकार मंच’ने २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. ऑक्टोबर २०१३ मध्ये न्यायालयाने चाचणीत सहभागी होणाऱ्यांच्या संमतीचे दृक्श्राव्य चित्रण करण्याचा आदेश दिला. ही सक्ती नंतर ठराविक चाचण्यांपुरती उरली. तरी नुसती सही म्हणजे संमती नव्हे, हे तत्त्व देशापुढे आले ते इंदुरातून.

हे तत्त्व केवळ नव्या औषधांच्या चाचण्यांपुरते का असावे? निरोगी स्त्री स्वेच्छेने करवून घेते त्या स्तनरोपण शस्त्रक्रियेला ते अधिकच लागू पडते. सौंदर्यासाठी असो वा कर्करोगात स्तन काढावा लागल्यानंतरच्या पुनर्रचनेसाठी असो, सिलिकॉनचे इम्प्लांट शरीरात बसवले की विषय संपत नाही. तेथून तो सुरू होतो.

जंतुसंसर्ग, रक्त साकळणे, स्तनाग्राची संवेदना कमी होणे हे धोके तुलनेने लवकर कळतात. इम्प्लांटभोवती शरीर स्वतःच एक आवरण तयार करते. ते आकसले, तर स्तन कठीण होतो, दुखतो, त्याचा आकार बिघडतो आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागू शकते. सिलिकॉनचे इम्प्लांट आत फुटले तरी बाहेरून अनेकदा काहीच जाणवत नाही. म्हणूनच अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासन पाच-सहा वर्षांनी आणि त्यानंतर दर दोन-तीन वर्षांनी एमआरआय किंवा सोनोग्राफी करण्यास सुचवते. स्तनपानात अडचण येऊ शकते. मॅमोग्राफीत इम्प्लांटमागचा भाग झाकला जातो, त्यामुळे तपासणीपूर्वीच तंत्रज्ञाला त्याची कल्पना द्यावी लागते. सतत थकवा, सांधेदुखी, विस्मरण अशा तक्रारी काही स्त्रिया सांगतात. त्यांचे निदान करणारी खात्रीची चाचणी नाही; परंतु इम्प्लांट काढल्यावर काहींना बरे वाटल्याचे नोंदले गेले आहे.

सर्वांत गंभीर धोका दुर्मीळ आहे. इम्प्लांटभोवतीच्या आवरणात एक प्रकारचा लिम्फोमा, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींचा कर्करोग, होऊ शकतो. त्याचा संबंध मुख्यतः खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटशी आढळला. जुलै २०१९ पर्यंत अमेरिकी प्रशासनाकडे जगभरातील ५७३ रुग्णांची नोंद होती. त्यांपैकी ३३ जणींचा मृत्यू झाला होता. ४८१ रुग्णांच्या बाबतीत इम्प्लांट ॲलर्गन कंपनीचे होते. कंपनीने ‘बायोसेल’ प्रकारची उत्पादने जगभरातून परत घेतली. मात्र लक्षणे नसलेल्यांनी घाबरून ती काढून घेऊ नयेत, असेही प्रशासनाने बजावले. अनेक वर्षांनी अचानक सूज आली, गाठ लागली वा वेदना सुरू झाल्या, तर त्यांकडे दुर्लक्ष करू नये.

आपल्या शरीरात नेमके कोणते उत्पादन आहे, हे ठाऊक असणे किती मोलाचे, ते फ्रान्सच्या ‘पीआयपी’ प्रकरणाने दाखवले. या कंपनीने वैद्यकीय दर्जाऐवजी औद्योगिक सिलिकॉन वापरल्याचे २०१० मध्ये उघड झाले. सुमारे ६५ देशांतील तीन लाख स्त्रियांच्या शरीरात ती इम्प्लांट असल्याचा अंदाज होता. २०१३ मध्ये कंपनीच्या संस्थापकाला चार वर्षांची शिक्षा झाली. पण स्त्रियांपुढचा पहिला प्रश्न ‘माझ्या शरीरात तेच आहे का?’ हा होता. ऑस्ट्रेलिया व नेदरलँड्सने २०१५ पासून राष्ट्रीय नोंदवही ठेवली आहे. अमेरिकेने २०२१ मध्ये शस्त्रक्रियेपूर्वी जोखमींची यादी वाचून रुग्ण व शल्यचिकित्सक दोघांनी सही करणे आवश्यक केले. आपल्याकडे वैद्यकीय उपकरणांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा ‘मटेरिओव्हिजिलन्स’ कार्यक्रम जुलै २०१५ मध्ये सुरू झाला. त्यात रुग्णही तक्रार नोंदवू शकतो. मात्र उत्पादनाचे नावच ठाऊक नसेल, तर ती तक्रार अपुरी राहते.

वैद्यकीय पर्यटनाची स्वप्ने पाहणाऱ्या गोव्याने हे ध्यानात घ्यायला हवे. परगावाहून आलेली रुग्ण आठवडाभरात परतते. गुंतागुंत मात्र दहा वर्षांनी, दुसऱ्याच शहरात उद्भवू शकते. तेव्हा तिच्या हाती इम्प्लांटची कंपनी, प्रकार, अनुक्रमांक आणि शस्त्रक्रियेची तारीख असलेले कार्ड हवे. हे इम्प्लांट आयुष्यभर टिकत नाही आणि पुढे ते बदलण्याचा वा काढण्याचा खर्च येऊ शकतो, हे तिला सहीपूर्वी तिच्या भाषेत सांगितलेले असावे. रुग्णालयांना परवाने देणाऱ्या शासनाने या दोन गोष्टींचा आग्रह धरणे मुळीच अवघड नाही. इंदूरच्या रुग्णांना न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. आपण त्या वेळेची वाट पाहू नये.