पायऱ्यांच्या आकड्यासकट
मा. अध्यक्ष, साहित्य अकादमी, नवी दिल्ली यांस,



बेपत्ता केल्या गेलेल्या माणसांविषयीच्या साक्षी थेट स्पॅनिशमधून आपल्या भाषांत आणा, ही विनंती करायला हे पत्र लिहीत आहे. सुरुवात अर्जेंटिनापासून करा.

२४ मार्च १९७६ला तिथे लष्कराने सत्ता बळकावली आणि घराघरांतून माणसं उचलली जाऊ लागली. वर्षभराने लेखक रोदोल्फो वाल्श यांनी लष्करशहांना खुलं पत्र लिहून त्याचा हिशेब मांडला. दुसऱ्याच दिवशी, पत्राच्या प्रती टपालात टाकायला बाहेर पडले असताना, त्यांना भर रस्त्यात गाठून गोळ्या घातल्या. मृतदेहही घरच्यांना दिला नाही.

पुढे लोकशाही आली. कादंबरीकार अर्नेस्तो साबातो यांच्या आयोगाने १९८४च्या अहवालात ८,९६० बेपत्तांची नोंद केली. मानवाधिकार संघटना ३०,००० म्हणतात. सुटून आलेल्या अनेकांना आपल्याला कुठे ठेवलं होतं हे दिसलंच नव्हतं, कारण डोळ्यांवर पट्टी होती. लक्षात होत्या त्या जिन्याच्या पायऱ्या, वळणं, आवाज. आयोगाने त्यांना त्या इमारतींत नेलं, तेव्हा काहींनी पुन्हा डोळे झाकून, हाताने चाचपत जागा ओळखली. अशा साक्षीला भाषेचा साज चढवला की पुरावाच नाहीसा होतो. म्हणून अनुवादात पुनरुक्ती राहू द्या, अडखळणं राहू द्या, पायऱ्यांचा आकडा तर राहिलाच पाहिजे.

कैदेत जन्मलेली बाळंही चोरली गेली. त्यांना शोधणाऱ्या 'प्लासा दे मायोच्या आज्या' या संघटनेने १९९८पासून त्या मुलांच्या आईवडिलांच्या आठवणी नातेवाईक, मित्र, सहकैदी यांच्याकडून नोंदवून घेतल्या. नातवंड सापडलं की हे सारं त्याच्या हाती द्यायचं. सापडलं नसेल, तरी तयार ठेवायचं. एकाच वाचकासाठी जमवलेलं हे वाङ्मय मी कित्येक गाजलेल्या कादंबऱ्यांच्या वर ठेवीन.

हे साहित्य आहे का, असा प्रश्न समितीत निघेलच. १९७८मध्ये 'बलुतं' हे आत्मकथन आलं, तेव्हा मराठीतही तो निघाला होता. नंतर 'उपरा' आणि 'उचल्या' या आत्मकथनांना अकादमीनेच पुरस्कार दिले. उत्तर तुमच्याच दप्तरी आहे.

त्या साक्षीदारांतले बरेच जण आज वृद्ध आहेत. त्यांना शंका विचारता येतील तोवर, याच वर्षी हे काम हाती घ्या.

आपला,
एक मराठी वाचक