आधी अर्ज, मग शोधनिबंध

कापडाच्या धंद्यात माझी तीस वर्षे गेली. एकदा साडीच्या काठाचे नवे डिझाइन कारागिराकडून बनवून घेतले आणि बाजारात चार दुकानदारांना नमुना दाखवला. महिन्याच्या आत तोच काठ दुसऱ्याच्या मागावरून उतरला, तोही साडीमागे वीस रुपये स्वस्त! वकिलाकडे गेलो. त्यांनी एकच विचारले, "शेठ, नमुना दाखवण्याआधी डिझाइनची नोंदणी केली होती का?" केली नव्हती. विषय तिथेच संपला.

आज आपल्या व्यापारी-कारागिरांची मुले डॉक्टरी, फार्मसी, युनानी शिकत आहेत. काही जण संशोधनही करतात. वकिलांचा तो प्रश्न त्यांनाही लागू आहे, म्हणून व्यापाराच्या पानावर हा विषय घेतला.

सर्पगंधेचे उदाहरण पाहा. हकीम अजमल खान यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात डॉ. सलीमुज्जमान सिद्दीकी यांनी या मुळीवर काम केले. १९३१ मध्ये त्यांनी तिच्यातून एक द्रव्य वेगळे काढले आणि हकीमसाहेबांच्या नावावरून त्याला 'अजमलीन' म्हटले. पुढे १९४९ मध्ये मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेने रक्तदाब उतरतो हे रुग्णांवरील अनुभवातून ब्रिटनच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात मांडले. जगाचे लक्ष गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीच्या संशोधकांनी त्याच मुळीतून रिसर्पिन वेगळे केले आणि कंपनीने ते 'सर्पासिल' नावाने बाजारात आणले. यात कोणी चोरी केली असे मी म्हणत नाही. त्यांनीही मेहनत केली. पण मुळी आपली, अनुभव आपला, निबंध आपला, आणि माल मात्र परक्या कारखान्याचा, हा हिशेब व्यापाऱ्याला खटकल्याशिवाय राहत नाही.

निबंधाने नाव मिळते, हक्क मिळत नाही. उलट आपल्या कायद्यात शोध आधी छापून आला की तो साधारणपणे 'नवा' राहत नाही आणि पेटंट हातचे जाते. अमेरिकेत निबंधानंतर एक वर्षाची सवलत आहे. आपल्याकडे ती अगदी मोजक्या बाबतीत मिळते. प्राध्यापकाला बढतीसाठी निबंध लवकर हवा असतो, आणि या घाईत नुकसान होते.

मात्र छापील कागद नेहमी तोट्याचाच असतो असेही नाही. १९९५ मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला हळदीने जखम भरण्यावर पेटंट मिळाले. संशोधक दोघेही भारतीय वंशाचे! आपल्या घरात बोट कापले की आई आधी हळद दाबते. पण पेटंट कचेरीत आईची साक्ष चालत नाही, कागद लागतो. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआरने १९९६ मध्ये हरकत घेतली आणि ३२ दाखले पुढे केले. त्यांत संस्कृत आणि हिंदीबरोबर उर्दूतले जुने लिखाण होते, १९५३ चा भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला निबंधही होता. १९९७ मध्ये अमेरिकन कचेरीने ते दावे फेटाळले. माझे शिक्षण उर्दू शाळेत झाले. ज्या भाषेला लोक 'आता काय उपयोग' म्हणतात, तिचा कागद तिथे कामी आला, याचा मला आनंद आहे.

यातूनच २००१ पासून पारंपरिक ज्ञानाचे डिजिटल ग्रंथालय उभे राहू लागले. आयुर्वेदाबरोबर युनानीच्या अरबी, फारसी, उर्दू किताबांतले नुस्खे इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, जपानीत नोंदले गेले. २००९ पासून युरोपच्या पेटंट कचेरीलाही ते तपासता येतात. म्हणजे जुने ज्ञान लिहून खुले ठेवावे, आणि नव्या शोधाची नोंदणी करूनच तो उघड करावा.

काही जण म्हणतील, औषधावर हक्क सांगणे म्हणजे गरिबाच्या पोटावर पाय. शंका रास्त आहे. पण इन्सुलिनचा इतिहास पाहा. १९२३ मध्ये बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी आपला पेटंट हक्क टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला दिला. दुसऱ्या कोणी मक्तेदारी करू नये, हा हेतू होता. किल्ली स्वतःकडे असेल तरच दार सर्वांसाठी उघडे ठेवता येते. सरकारी पैशातून झालेल्या संशोधनाने हाच मार्ग धरावा, असे माझे मत आहे.

मुलांना एवढे सांगा. प्रयोगाची वही तारखेसह रोज लिहा. हक्कात विद्यार्थी, मार्गदर्शक आणि कॉलेज यांचा वाटा किती, हे काम सुरू होण्याआधी लेखी ठरवा. कंपनीला काही दाखवायचे तर आधी गुप्ततेचा करार करा. निबंध पाठवण्यापूर्वी पेटंट कचेरीत तात्पुरता अर्ज टाका. पूर्ण तपशील देण्यास बारा महिने मिळतात. तारीख हाती आली की मग खुशाल छापा.

आम्ही उधारीची चिठ्ठीसुद्धा तारीख घातल्याशिवाय ठेवत नाही. मुलाची दहा वर्षांची मेहनत मग बिनतारखेची का ठेवावी?