कंत्राटी हातांचे हरवते कसब

पुणे परिसरातील चाकण, भोसरी, रांजणगाव या औद्योगिक पट्ट्यांत ‘सात महिने’ या शब्दांना एक वेगळाच अर्थ प्राप्त झाला आहे. कारखान्यात तात्पुरता म्हणून घेतलेला तरुण बहुधा तेवढाच काळ टिकतो. मग ‘ब्रेक’ मिळतो आणि तो शेजारच्या कारखान्याच्या फाटकावर पुन्हा नवशिका म्हणून उभा राहतो.

या सात महिन्यांचे मूळ कायद्यातच आहे. बारा महिन्यांत २४० दिवस अखंड काम करणाऱ्या बदली वा तात्पुरत्या कामगाराला कायम करावे, अशी तरतूद राज्यातील आदर्श स्थायी आदेशांत होती. हेतू कामगाराच्या संरक्षणाचा. पण २४० दिवस म्हणजे आठ महिने, हे व्यवस्थापनांना लगेच उमगले. संरक्षणाची तरतूद अशा रीतीने कामगाराला बाहेर काढण्याची मुदत ठरली.

या व्यवस्थेची चर्चा आजवर प्रामुख्याने वेतन आणि भविष्य निर्वाह निधीच्या अंगाने झाली. कामगाराच्या हातातील कसबाचे काय होते, हा प्रश्न मात्र मागेच राहिला. आयटीआयमधून फिटर वा मशिनिस्ट होऊन आलेला मुलगा जुळणीच्या साखळीवर एकाच ठिकाणी उभा राहतो. चार बोल्ट आवळणे, तयार भाग पेटीत भरणे, यंत्रात माल लावणे आणि काढणे हेच त्याचे काम. हे शिकण्यास दोन-तीन दिवस पुरतात. यंत्राची मांडणी करणे, डाय बसवणे, मायक्रोमीटरने पहिला नग तपासणे, आवाजावरून यंत्राचे दुखणे ओळखणे ही कामे कायम कामगारांकडे राहतात. सात महिन्यांत जाणाऱ्यास ती कोण शिकवणार? शिकवण्याचा खर्च आपला आणि फायदा पुढच्या मालकाचा, हा हिशेब व्यवस्थापनाच्या दृष्टीने बिनचूकच आहे. पण प्रत्येक कारखाना हाच हिशेब मांडतो, तेव्हा संपूर्ण पट्ट्यातील कुशल मनुष्यबळ आटू लागते. आणि मग ‘कुशल कामगार मिळत नाहीत’ अशी तक्रारही उद्योजकच करतात!

टेल्कोने १९६०च्या दशकात पिंपरीत कारखाना उभारताना प्रशिक्षणाचा विभाग आरंभीच सुरू केला होता. तेथे शिकलेला मुलगा पुढे तेथेच दशकानुदशके राबेल, हे त्यामागचे गृहीतक होते. आज ते गृहीतकच उरलेले नाही. वार्षिक उद्योग पाहणीनुसार नोंदणीकृत कारखान्यांतील कंत्राटी कामगारांचे प्रमाण या शतकाच्या आरंभी सुमारे २० टक्के होते. २०२२-२३ मध्ये ते ४० टक्क्यांच्या पुढे गेले. जुने कारागीर निवृत्त होत आहेत. त्यांच्या हाताखाली वर्षानुवर्षे काम करून शिकणारी पिढी मात्र तयार झालेली नाही.

प्रशिक्षणाच्या नावाखालीही तेच घडले. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१३ मध्ये आणलेल्या ‘नीम’ योजनेतील तरुण कागदोपत्री प्रशिक्षणार्थी होते. त्यांना साखळीवर उभे करून नेहमीचे उत्पादन काढून घेतले जाते, अशी कामगार संघटनांची तक्रार होती. पुढे ही योजना गुंडाळण्यात आली. शिकाऊ उमेदवार कायद्यात २०१४ मध्ये सुधारणा होऊन उमेदवारांची संख्या वाढवण्यास वाव मिळाला. तथापि हा उमेदवार कायद्याने कामगार नाही. तो वर्षभरात नेमके काय शिकला, याची तपासणी काटेकोर नसेल तर तोही स्वस्त हातच ठरतो.

उद्योगांची बाजू अगदीच निराधार नाही. वाहनांची मागणी सणासुदीला चढते आणि नंतर उतरते. तेवढ्यासाठी कायम भरती परवडत नाही, हे खरे. अनेक कारखाने पाहिलेल्या तरुणास व्यापक अनुभव मिळतो, हा युक्तिवाद मात्र तपासून घ्यावा लागेल. पाच कारखान्यांत बोल्टच आवळले असतील, तर पाच वर्षांनंतरही अनुभव सात महिन्यांचाच राहतो. त्याचा दाखलाही बहुतेकदा ठेकेदाराच्या नावाचा असतो आणि त्यावर कामाचे स्वरूप क्वचितच लिहिलेले असते. तिशी उलटली की ठेकेदारालाही विशीतला मुलगा हवा असतो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या कामगार संहितांनी चौकट बदलली आहे. स्थायी आदेशांची सक्ती आता ३०० वा अधिक कामगारांच्या आस्थापनांपुरतीच आहे. भोसरीतील बहुतांश लघुउद्योग त्याबाहेर राहतात. मुख्य उत्पादनाच्या कामात कंत्राटी कामगार लावण्यास मनाई आहे, परंतु अपवादही ठेवले आहेत. ठरावीक मुदतीच्या कामगारास कायम कामगाराइतकेच लाभ आणि एका वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटी मिळेल. हा बदल स्वागतार्ह आहे. मात्र या मुदतीत त्याला कोणते कौशल्य द्यायचे, याचे बंधन मालकावर नाही. ग्रॅच्युइटी वर्षानंतर लागू होत असल्याने नेमणुका आता अकरा महिन्यांच्या निघतील, अशी शंका कामगार क्षेत्रात व्यक्त होत आहे. सात महिन्यांचा इतिहास पाहता ती अनाठायी म्हणता येणार नाही.